सहभागी ०४१

नाव लिहायचं नाही, हा नियम.
फॉर्मवर ते ०४१.
इथे मी त्यांना आदगोंडा म्हणते,
आडनाव राहू दे माझ्याजवळच.

मार्केट यार्डात चाळीस वर्षं
गुळाची प्रत सांगायचं काम.
सौदा निघायच्या आधी
रव्याची कड नखानं मोडायची,
जिभेवर ठेवायची, क्षणभर डोळे मिटायचे.
ते "हं" म्हणाले की शेतकरी श्वास सोडायचा.

डाव्या दंडामागे सेन्सर बसवला तेव्हा म्हणाले,
"रुपयाएवढं हाय की. ह्येला काय कळणार?"
दर पाच मिनिटांनी एक आकडा, मी म्हटलं,
रक्तातला नव्हे, पेशींच्या मधल्या पाण्यातला,
रक्ताच्या जरासा मागून चालणारा.
"म्हंजे आमच्या आडत्यागत.
भाव पडून गेल्यावर सांगणार."

पहिले चौदा दिवस आकडा झाकलेला,
त्यांच्यासाठीही, माझ्यासाठीही.
तेवढे दिवस वही भरायची:
काय खाल्लं, किती वाजता.
अक्षर सुरेख, तिरकं, हिशेबाच्या वहीसारखं.
सकाळी भाकरी, पावट्याची आमटी.
दिवेलागणीआधी जेवण.
पुढं सूर्य उगवेपर्यंत रेघ.

पंधराव्या दिवशी आलेख उघडला.
रोज दहा वीसला एक सुळका,
अकराच्या आसपास दुसरा,
रविवारी दोन्ही गायब.
वहीत त्या वेळी काहीच नाही.

"काका, दहा वाजता काय खाता?"
"काय न्हाई."
"आलेख म्हणतो, खाता."
मग हसले, कवळीचा वरचा दात हलला.
"ते खाणं न्हवं बाई, ते काम हाय."
थुंकत नाही का, मी विचारलं.
त्यांनी माझ्याकडे असं बघितलं
की मी घाईनं पान उलटलं.

चूक माझ्या वहीची होती.
न्याहारी, जेवण, चहा, मधलं खाणं असे रकाने होते;
कामाला रकानाच नव्हता.

पण मला झोप लागू दिली नाही
ती पहाटेच्या रेषेनं.
तीन दहा, बावन्न.
तीन पस्तीस, पन्नास.
चौदांतल्या नऊ रात्री.
त्या वेळी वहीत, समासात, पेन्सिलीनं
अक्काताईंचं अक्षर: "घाम. बनियन बदललं."
एका रात्री: "गूळ दिला. घेतला नाही."

दिवसभर ज्याच्या जिभेवर गूळ,
तो माणूस पहाटे ओठ मिटून
खिडकीत उजाडायची वाट बघत बसलेला.
शेजारी वाटी घेऊन त्या.

डॉक्टर जमदाडेंनी कागद पाहिला,
संध्याकाळची गोळी अर्धी केली.
मी भीत भीत सांगायला गेले, वाटलं, वाद घालतील,
रात्री खायला सांगते आहे असं समजतील.
गोळी हातात घेऊन त्यांनी ती
रव्याच्या कडेसारखी नखानं मोडली,
बरोबर मधोमध.
"हे आधी सांगायचं की."
आधी कुणाला दिसलं होतं?

आता आकडा उघडा आहे त्यांना.
सौद्यात रवा चाखतात आणि मोबाइल बघतात,
व्यापारी चिडतात म्हणे.
पहाटेची रेष सत्तरच्या वर टेकून असते बहुतेक.
बहुतेक. परवा पुन्हा एकसष्ट होती.
मी लिहून ठेवलंय.

शेवटच्या भेटीला रुमालात तुकडा घेऊन आले.
नियमात बसत नाही, मी म्हटलं.
"चाखायला काय हुतंय."
दार लोटून जिभेवर ठेवला.
"सांगा."
गोड, मी म्हटलं.
"फुडं?"

पुढं मला काही येईना.
त्यांनी माझी वाट पाहिली, मग स्वतःच म्हणाले:
नदीकाठचा ऊस, किंचित खारट.
भेंडी कमी पडली.
काहील उतरवायला एवढा, बघा, एवढाच उशीर,
पोरगा नवा असणार चुलवाणावर.

टेबलावर सेन्सर सुटा पडला होता,
चौदा दिवसांचं चिकट पुसलं तरी जाईना.
मी अजून जिभेनं तो खारट शोधत होते.